‘इंजेक्शनचं दूध’ पकडायचं कसं? संस्थेतलं मशीन काय सांगतं, अँटीबॉडी काय सांगते आणि दोघांनाही काय कळत नाही

कोल्हापूर : ‘दुधात हार्मोन असतंय’, ‘इंजेक्शन मारून दूध काढत्यात’, ‘अमेरिकेचं दूध आलं की हार्मोन घरात आलं’. असे मेसेज गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी फिरतात. २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी सुरू झाली आणि या मेसेजना आणखी जोर आला. त्याच वर्षी ७ ऑगस्टला दिल्लीत स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत पंतप्रधानांनी शेतकरी, दूध उत्पादक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असं जाहीर केलं. तेव्हापासून दूध हा राजकारणाचाही विषय झालाय.

पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. दुधात हार्मोन आहे की नाही, हे तपासता येतं का? येत असेल तर कोण तपासतं? आणि त्याचा आपल्या गोठ्याशी काय संबंध?

ज्या जिल्ह्यात गोकुळ दूध संघ १९६३ पासून उभा आहे, वारणेसारखे संघ आहेत, ऊस बिलाची वाट बघताना घर दुधाच्या बिलावर चालतं, तिथं हा प्रश्न ऐकीव गोष्टींवर सोडून चालणार नाही. दुधाचं नाव खराब झालं तर पहिला फटका कॅन घेऊन संस्थेत जाणाऱ्यालाच बसतो.

दोन हार्मोन, एकच गोंधळ

‘हार्मोनचं इंजेक्शन’ म्हटलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतो.

पहिलं, ग्रोथ हॉर्मोन म्हणजे वाढीचं संप्रेरक. ते गाई-म्हशीच्या मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीत आपोआप तयार होतं. वासराची वाढ, कासेकडं जाणारं पोषण, दूध तयार होणं, या सगळ्यात त्याचा हात असतो. हेच हॉर्मोन जिवाणूंकडून कारखान्यात तयार करून घेण्याचं तंत्र अमेरिकेत आलं. तिथल्या सरकारनं नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याला परवानगी दिली आणि १९९४ पासून मोन्सँटो कंपनीनं ते ‘पॉसिलॅक’ नावानं विकलं. गाय व्याल्यावर साधारण दोन महिन्यांनी सुरुवात करायची आणि दर १४ दिवसांनी एक इंजेक्शन द्यायचं, अशी पद्धत.

दुसरं, ऑक्सिटोसिन. हे दूध वाढवत नाही. कासेत आधीच तयार झालेलं दूध खाली सोडायला लावतं, म्हणजे पान्हा फोडतं. आपल्या भागात गोठ्यात ज्या बाटलीची कुजबुज चालते, ती बहुतेक वेळा याचीच असते. रेडकू मेलं, म्हैस पान्हा सोडेना, धारेला लाथ मारायला लागली, की कोणीतरी सांगतं, ‘एक सुई मार, बघ कशी सोडतीया.’

एक दूध बनवण्याच्या कामातलं, दुसरं दूध सोडण्याच्या कामातलं. दोन्ही पकडण्याची पद्धत वेगळी, कायदा वेगळा आणि नुकसानही वेगळं.

संस्थेतलं मशीन काय बघतं?

सकाळी संस्थेत दूध घातलं की मशीन फॅट सांगतं, एसएनएफ सांगतं, पाणी किती घातलंय तेही सांगतं. ते दुधातल्या ढोबळ घटकांचं माप आहे. हॉर्मोन त्या मशीनच्या आवाक्यात येत नाही, कारण त्याचं प्रमाण अतिशय सूक्ष्म असतं. जनावराच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन मोजायचं तर ते नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एक ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. पुस्तकांच्या अख्ख्या ग्रंथालयातून एक अक्षर शोधण्यासारखं हे काम. तिथं फॅट मोजणारं मशीन काय करणार?

त्यासाठी लागते अँटीबॉडी.

अँटीबॉडी म्हणजे काय?

हा शब्द कोरोनात घरोघरी पोचला. तेव्हा नाकात काडी घालून जी टेस्ट करायचे, त्या पट्टीवर अँटीबॉडीच होत्या. विषाणूचा तुकडा आला की त्याला धरायचं आणि लाल रेघ उमटवायची, एवढंच त्यांचं काम. घरात गरोदरपण बघायची पट्टी चालते तीही याच तत्त्वावर.

आणखी जवळचं उदाहरण साप चावल्यावरच्या लसीचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात. घोड्याचं शरीर त्या विषाला धरून ठेवणारी प्रथिनं तयार करतं. ती रक्तातून वेगळी काढून माणसाला देतात. ही प्रथिनं म्हणजेच अँटीबॉडी. एक कुलूप, एक किल्ली. ज्या गोष्टीसाठी तयार झाली, तिलाच ती धरते.

ग्रोथ हॉर्मोन पकडायलाही हीच युक्ती. गाईच्या ग्रंथीतून शुद्ध केलेलं हॉर्मोन सशाला किंवा गिनीपिगला टोचायचं. त्याच्या शरीराला ते परकं वाटतं, म्हणून ते अँटीबॉडी तयार करतं. मग त्या रक्तातून काढायच्या आणि प्रयोगशाळेत वापरायच्या. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशीला कर्करोगाच्या पेशीशी जोडून एकाच नमुन्याची अँटीबॉडी हवी तेवढी काढायचं तंत्र दाखवलं. १९८४ चं नोबेल त्यांच्या वाट्याला आलं. त्यानंतर हे काम बरंच सोपं झालं.

त्याआधी अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी अँटीबॉडी आणि किरणोत्सारी खूण वापरून रक्तातलं इन्सुलिन मोजून दाखवलं होतं. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. १९७१ मध्ये किरणोत्साराऐवजी रंग बदलणारं एन्झाइम वापरायची पद्धत आली. तिला एलायझा म्हणतात. तालुक्याच्या लॅबमध्ये रक्त दिल्यावर रिपोर्टात हे नाव दिसतं, तेच हे.

म्हशीसाठी भारतात काम झालं

हे सगळं परदेशातच झालं असं नाही. हरियाणात कर्नालला राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन मोजण्याची एन्झाइमवर चालणारी पद्धत विकसित केली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. किरणोत्सारी पदार्थ हाताळायची गरज नाही, छोट्या खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टीवर रंग बघून मोजमाप. म्हशीवर अवलंबून असलेल्या देशाला हे काम महत्त्वाचं होतं.

इथं एक गंमत आहे. गाईचं आणि म्हशीचं ग्रोथ हॉर्मोन इतकं सारखं आहे, की गाईच्या हॉर्मोनवर तयार केलेली अँटीबॉडी म्हशीच्या हॉर्मोनलाही धरते. पण हीच सोय कधी अडचण होते. शरीरात प्रोलॅक्टिनसारखी दिसायला जवळची दुसरी हॉर्मोन असतात. अँटीबॉडी चुकून त्यांना चिकटली तर आकडा खोटा येणार. म्हणून कुठलीही अँटीबॉडी वापरण्याआधी ती कोणाकोणाला धरते, हे तपासावं लागतं. भावकीत एकाला हाक मारली की चौघं वळून बघतात, तसला प्रकार.

मोजून कळलं काय?

अँटीबॉडीमुळं मोजमाप शक्य झालं आणि काही समज मोडले. त्यातल्या दोन गोष्टी दूध उत्पादकांनी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, ग्रोथ हॉर्मोन रक्तात एकसारखं वाहत नाही. ते झटक्या-झटक्यानं सुटतं. सकाळी एकदा रक्त घेतलं आणि आकडा जास्त आला, म्हणून जनावर चांगलं, असं म्हणता येत नाही. शास्त्रज्ञ दर काही मिनिटांनी नमुने घेऊन दिवसभराचं चित्र काढतात. ‘आमच्याकडं हॉर्मोन तपासून कालवड निवडून देतो’ असं कोणी एका रक्ताच्या बाटलीवर सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. जनावराला खुराक कमी पडला, अंगावरची चरबी झडायला लागली, की रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन कमी होत नाही, उलट वाढतं. पण त्याचा उपयोग होत नाही. हॉर्मोन यकृताला सांगतं की पुढचा निरोप पाठव, आणि उपाशी शरीर तो निरोप पाठवतच नाही. हा पुढचा निरोप म्हणजे आयजीएफ-१ नावाचं दुसरं प्रथिन. उपासमारीत ते घसरतं. म्हणजे नुसतं हॉर्मोन असून भागत नाही, पोटात वैरण आणि पेंड असावी लागते. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे जनावर अंगातून उतरतं, त्याला सुई नको, खुराक पाहिजे.

मग चोरी का पकडता येत नाही?

कारखान्यात तयार झालेलं ग्रोथ हॉर्मोन आणि गाईचं स्वतःचं हॉर्मोन यात फरक आहे तो अगदी टोकाला. सुमारे १९० मण्यांची माळ समजा. अमेरिकेत विकलेल्या हॉर्मोनमध्ये टोकाचा एकच मणी वेगळा आहे. साधी अँटीबॉडी माळेचा मधला भाग धरते, त्यामुळं दोन्ही माळा तिला एकच वाटतात. दुधात हॉर्मोन सापडलं, तरी ते टोचलेलं की आपोआप आलेलं, हे तिला सांगता येत नाही.

यावर युरोपात, विशेषतः नेदरलँड्समधल्या संशोधकांनी, उलटा रस्ता काढला. बाहेरून हॉर्मोन टोचलं की खुद्द गाईचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. हॉर्मोन निघून जातं, पण त्या अँटीबॉडी मागं राहतात, दुधातही उतरतात. मग चोराला शोधण्याऐवजी त्याच्या पायाचे ठसे शोधायचे. त्या अँटीबॉडी शोधणारी चाचणी त्यांनी तयार केली. शंका आली की पुढं मोठ्या यंत्रावर तो टोकाचा मणी तपासून खात्री करायची.

पण हे सगळं मोठ्या प्रयोगशाळेचं काम आहे. गावच्या संस्थेत बुडवून बघायची पट्टी यासाठी नाही. ‘हार्मोन टेस्ट किट’ म्हणून ऑनलाइन काही दिसलं, तर ती नेमकं काय धरते, हे आधी वाचावं.

जगात कोणी काय ठरवलं?

अमेरिकेनं सांगितलं, माणसाला धोका नाही, विका. तरीही औषधाच्या माहितीपत्रकात कासदाहाचा धोका वाढतो, हे लिहावं लागलं. कॅनडानं जानेवारी १९९९ मध्ये परवानगी नाकारली. कारण माणसाच्या तब्येतीचं नव्हतं, गाईच्या तब्येतीचं होतं. तिथल्या पशुवैद्यांच्या समितीला कासदाहाचा धोका २५ टक्क्यांपर्यंत, वांझपणाचा १८ टक्के आणि लंगडेपणाचा ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. युरोपीय संघानंही जनावराच्या हालाचं कारण देऊन २००० सालापासून कायमची बंदी घातली.

अमेरिकेतही सगळ्या गाईंना हे दिलं जात नव्हतं. २००७ च्या सरकारी पाहणीत १७ टक्क्यांच्या आसपास गाईंना ते दिलं जात होतं. पुढं ग्राहकांनीच ‘हॉर्मोन न टोचलेल्या गाईचं दूध’ मागायला सुरुवात केली आणि मोठ्या दुकानदारांनी तसंच दूध ठेवलं. २००८ मध्ये मोन्सँटोनं हा धंदाच दुसऱ्या कंपनीला विकला. म्हणजे सरकारी परवानगीपेक्षा गिऱ्हाइकाचा विश्वास मोठा ठरला. आपल्या संघांनीही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडचा खरा प्रश्न : ऑक्सिटोसिन

आता आपल्या गोठ्याकडं येऊ. ऑक्सिटोसिन ही फक्त नऊ मण्यांची छोटी माळ. रक्तात ती काही मिनिटांतच निम्मी होते. सुई न मारलेल्या जनावराच्या दुधातही ती नैसर्गिकरीत्या असतेच. आणि पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखी पचून तिचे तुकडे होतात. म्हणून ‘इंजेक्शनच्या दुधानं पोरी लवकर वयात येतात’ असे जे मेसेज फिरतात, त्यांना शास्त्रीय आधार नाही. दुधात ऑक्सिटोसिन सापडलं एवढ्यावर सुई मारली, हेही सिद्ध होत नाही.

मग सुई मारायला हरकत नाही का? आहे. नुकसान जनावराचं आहे, आणि जनावर आपलं आहे. रोज सुईची सवय लागली की म्हैस सुईशिवाय पान्हा सोडत नाही. गाभण जनावराला चुकीच्या वेळी दिलं तर गाभडण्याचा धोका. एकच सुई दहा जनावरांना वापरली की रोग एका गोठ्यातून दुसऱ्यात.

कायदाही कडक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं कलम १२ यासाठीच आहे. दूध वाढावं म्हणून जनावराच्या तब्येतीला घातक असं काहीही टोचलं, तर १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वर ते जनावर सरकारजमा होतं. दंडापेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त जड आहे. शिवाय हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. बिनलेबलच्या बाटलीतून मिळणारं औषध म्हणजे चोरटा माल.

सरकारनं मध्यंतरी मोठा घाव घालून बघितला. २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं खासगी कंपन्यांना देशासाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली आणि ते काम एकाच सरकारी कंपनीकडं दिलं. पण हेच औषध बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला लागतं. आया-बहिणींचा जीव वाचवणारं औषध कमी पडलं तर काय, हा प्रश्न उभा राहिला. १४ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. वाद पुढं सर्वोच्च न्यायालयातही गेला. यातून एक गोष्ट समजते. कारखान्यावर बंदी घालून गोठ्यातला गैरवापर थांबत नाही. तो थांबवायचा तर रेडकू जगवावं लागतं आणि धार काढायची पद्धत सुधारावी लागते.

जे तपासता येतं, ते तरी तपासतोय का?

हॉर्मोनची चर्चा जोरात असते, पण दुधात जे खरंच सापडतं त्याकडं लक्ष कमी जातं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यात ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ७७ नमुन्यांत अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. धोकादायक भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. म्हणजे भेसळखोरापेक्षा बुरशी लागलेली पेंड आणि अर्धवट पाळलेला औषधाचा कालावधी हे मोठे प्रश्न आहेत. आणि ते दोन्ही गोठ्यातले आहेत.

या दोन्हींसाठी मात्र पट्ट्या आहेत. अँटीबॉडी किंवा तसंच धरून ठेवणारं प्रथिन लावलेली पट्टी दुधात बुडवायची, काही मिनिटांत रेघ दिसते. मोठ्या डेअऱ्या टँकर उतरवून घेण्याआधी अशा चाचण्या करतात. पण टँकरमध्ये शंभर घरचं दूध एकत्र असतं. एका कॅनमधलं अँटिबायोटिक सगळ्यांच्या दुधाला लागतं, आणि कोणाचं ते कळत नाही. तपासणी जितकी गावाच्या जवळ येईल, तितका निष्पाप शेतकरी वाचेल. बल्क कूलरवर तरी या पट्ट्या असाव्यात, ही मागणी वार्षिक सभेत लावून धरण्यासारखी आहे. पहिल्यांदा सापडला तर दंड न करता सांगावं, समजवावं. पुन्हा पुन्हा झालं तर कारवाई. नाहीतर लोक तपासणीलाच घाबरतील.

दगडी झाली म्हणून सडात ट्यूब सोडली किंवा इंजेक्शन दिलं, तर दूध किती दिवस घालायचं नाही, हे औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. लेबलवर नसेल तर औषध नियमांप्रमाणे दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. ही तरतूद २०१२ पासून आहे. हे ७ दिवस गरीब घराला परवडत नाहीत, हेही तितकंच खरं. त्या दिवसांच्या नुकसानीत संघानं काही वाटा उचलावा का, यावर चर्चा व्हायला हवी. नुसतं ‘प्रामाणिक राहा’ म्हणून कोणाचं दूध बिल भरत नाही.

गोठ्यात करण्यासारखं

• धारेची वेळ आणि शक्यतो माणूसही एकच ठेवा. कोमट पाण्यानं कास धुवा, दोन मिनिटं चोळा, धारेच्या वेळी आंबोण समोर ठेवा. म्हैस गाईपेक्षा उशिरा पान्हा सोडते, घाई करू नका.

• काळी पडलेली, वास येणारी पेंड, मका किंवा कडबा दुभत्या जनावराला घालू नका. विष वैरणीतून दुधात येतं, उकळूनही जात नाही.

• डॉक्टरांकडून औषधाचं नाव आणि दूध बंद ठेवायचे दिवस कागदावर लिहून घ्या.

• पान्ह्याची अडचण असेल तर सुईवाल्याला नको, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

• रेडकू जगवा. व्याल्यावर तासा-दोन तासांत चीक पाजा आणि डॉक्टरांना विचारून वेळेवर जंताचं औषध द्या.

या शेवटच्या मुद्द्यात सगळी गोष्ट येते. वासरू किंवा रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी नसतात. त्या त्याला फक्त चिकातून मिळतात, आणि त्याचं आतडं त्या पहिल्या दिवसातच शोषून घेऊ शकतं. नंतर कितीही चीक पाजला तरी तो फायदा मिळत नाही. पहिला चीक खरवसाला गेला आणि रेडकू महिन्याभरात मेलं, की पुढचे आठ महिने म्हैस पान्ह्यासाठी अडते आणि सुईवाल्याचा धंदा सुरू होतो. प्रयोगशाळेतली अँटीबॉडी हजारो रुपयांची असते. गोठ्यातली फुकट असते. ती आधी रेडकाच्या पोटात जाऊ द्या, खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचाही चांगला लागतो.